कोणी धरलंय?

आजार आणि बाधा यांत फरक काय, असं दादांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं: आजार घरातला असतो, बाधा बाहेरची. आजार म्हटला की लोक वडिलांपासून चौकशी सुरू करतात. त्यांना होता का, आजोबांना होता का, पुढे उतरतो का. बाधा म्हटली की एवढंच विचारतात की कुठे गेली होती. बाधा म्हणजे चपलेचा चिखल. बाहेर लागला, दारात झटकला, खानदान स्वच्छ.

हे तत्त्वज्ञान मुळात वहिनींचं, म्हणजे दादांच्या बायकोचं. "घरातलं निघालं तर आपल्या मुलीला कोण करून घेईल?" त्या म्हणाल्या होत्या. "बाहेरचं असलेलंच बरं." मुलीचं जमत आलं होतं. मुलाकडची मंडळी रविवारी घर बघायला यायची होती, आणि घरात दादांची धाकटी बहीण होती.

दादांचा फोटो स्टुडिओ होता. ते सख्ख्या बहिणीचे दादा होते आणि तिच्या तोंडून ऐकून ऐकून सगळ्या गिऱ्हाइकांचेही झाले होते. हनुवटी खाली, खांदे सैल, हसू नका, एवढी तीन वाक्यं त्यांनी आयुष्यभर म्हटली आणि त्यावर घर चाललं. खरं काम मागे धाकटी करायची. फोटो काढून झाला की तो तिच्या संगणकावर जायचा आणि ती पुसायला बसायची. मुरूम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, तीळ, दुसरी हनुवटी. तिच्या हाताखालून गेलेला माणूस तरुण आणि जरासा बावळट दिसायचा, पण तक्रार कधी आली नाही.

मग एके दिवशी ती म्हणाली, "दादा, लोकांचे तीळ माझ्याकडे राहिलेत."

"कुणाचे?"

"सगळ्यांचे. परत मागतात. रात्रभर मागतात."

दादा हसले. विनोद समजून हसले, आणि ते हसू त्यांना पुढे फार दिवस पुरलं नाही. त्याच महिन्यात एका लग्नाचा अल्बम गेला, त्यात नवरीच्या गालावर तिचा स्वतःचा एक तीळ आणि इतर लोकांचे बरेच होते. नवरीचा बाप स्टुडिओत येऊन जे बोलला ते काच बंद असतानाही रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. आणि त्यानंतर चार दिवसांनी शिकवणीच्या बाई आपला फोटो घेऊन निघाल्या, तर धाकटी अनवाणी त्यांच्या मागे धावली. भर बाजारात. "बाई! अहो बाई! तुमची चामखीळ राहिली!"

अर्धा बाजार हसला. उरलेल्या अर्ध्यानं चामखीळ कुठे आहे ते बघितलं.

संध्याकाळी दादांनी सगळ्यांना सांगून टाकलं की धाकटी हवापालटाला मावशीकडे गेलीय, परगावी. मावशी वारून बरीच वर्षं झाली होती, पण गिऱ्हाइकांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. धाकटी होती स्टुडिओच्या मागच्या खोलीत. पूर्वी तिथे फोटो धुतले जात, त्यामुळे खोलीला खिडकी नव्हती. दाराला कडी होती ती आतून. ती दादांनी काढून बाहेरून बसवली. सुताराला बोलावलं नाही, स्वतः स्क्रू पिळले. सुतार विचारतो.

घरचे डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी रात्रीसाठी एक पांढरी गोळी दिली आणि म्हणाले, "ही तात्पुरती. खरं म्हणजे तिला समोर दाखवा." गोळीनं धाकटी झोपू लागली. सकाळी उठून चहा मागू लागली. एकदा तर चहात साखर कमी आहे म्हणाली, आणि वहिनींना इतका आनंद झाला की त्या रागवायच्या विसरल्या.

पण समोर दाखवा म्हणजे अगदी समोर. डोक्याच्या डॉक्टरांचा दवाखाना स्टुडिओच्या बरोबर पुढ्यात, रस्त्यापलीकडे होता. आतली जागा लहान, म्हणून पेशंटांच्या खुर्च्या ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून. वर्षानुवर्षं दादा काउंटरमागच्या स्टुलावर बसून त्या खुर्च्या बघत आले होते. आणि जेवताना वहिनींना सांगत आले होते. "आज कोण बसलं होतं सांग बघू? अगं, ते बँकेतले! वाटतात का तसले? म्हणूनच पोरीचं जमत नाही." त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाबद्दल लोक काय बोलतात याची दादांना अगदी खात्रीची माहिती होती. ते स्वतःच बोलत होते.

म्हणून बाबा.

बाबांचा दरबार गाड्यांच्या टायरांच्या जुन्या गोदामात भरायचा. टायर गेले होते, वास राहिला होता. खाली चटया, वर पंखे, दारात चपलांचा डोंगर. बाबा फुंकर घालून पाणी द्यायचे, धूर द्यायचे आणि प्रश्न विचारायचे. इथली सोय अशी, की इथे माणूस कशासाठी आलाय ते बघून कळत नसे. कुणाचा खटला, कुणाची बदली, कुणाचा मुलगा अभ्यास करत नाही. डोक्याच्या डॉक्टरांकडे माणूस बदलीसाठी गेला असं कधी ऐकलंय?

शिवाय ओळख होती. "या, या, आमचे फोटोवाले!" बाबांनी पहिल्याच खेपेला स्वागत केलं. व्यासपीठामागे बाबांचा पुरुषभर उंचीचा फोटो होता आणि तो दादांच्याच स्टुडिओतला होता. फोटो काढायला आले तेव्हा बाबा म्हणाले होते, "चेहऱ्यामागे जरा तेज येऊ द्या." धाकटीनं ते तेज माउसनं ओढून दिलं होतं, दोन सुरकुत्याही घालवल्या होत्या. आता त्याच तेजासमोर दादा हात जोडून उभे होते. धाकटीनं मान वर करून फोटो बराच वेळ न्याहाळला आणि पुटपुटली, "डावीकडे जरा जास्त झालंय."

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"नमस्कार म्हणते," वहिनी म्हणाल्या.

बाबांची अट एकच होती: गोळी बंद. "असं बघा दादा, गोळीनं ही झोपते. आणि ही झोपली की हिच्यातलं तेही झोपतं. मग मी बोलू कुणाशी?"

युक्तिवाद बिनतोड होता. दादांनी गोळ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिल्या. दोनच रात्रींत धाकटीची झोप उडाली. ती दारामागून हळू आवाजात मागायची. ओरडायची नाही, त्याचाच त्रास जास्त व्हायचा.

"दादा, ती पांढरी गोळी दे ना."

"बाबांनी नको सांगितलंय गं."

"पण झोप मला येत नाही. बाबांना येते."

दादा स्टुडिओत जाऊन बसायचे आणि पंखा मोठा करायचे.

त्यानंतरच्या खेपांत पाणी झालं, धूर झाला, पण तिच्यातलं ते काही बोलेना. तीही बोलेना. पहिल्यांदा तिळांबद्दल तरी बोलायची, मग तेही थांबलं. खांद्याची हाडं वर आली. रविवार तोंडावर आला तेव्हा बाबा म्हणाले, "शुक्रवारी सकाळी आणा. गर्दी असेल, पण मोठी बैठक आहे. नाव काढूनच घेतो."

शुक्रवारी गोदाम भरलेलं होतं. दादांनी कोपऱ्यातली जागा धरली, धाकटीचा पदर पुढे ओढला, आणि मागून आवाज आला.

"अगंबाई! ताई परगावी होत्या ना?"

शिकवणीच्या बाई. चामखिळीसकट. त्या भाच्याच्या परीक्षेसाठी आल्या होत्या.

"कालच आली," दादा म्हणाले.

बाईंनी धाकटीच्या मनगटाकडे बघितलं. "मावशीकडची हवा मानवलेली दिसत नाही."

दादांनी हसल्यासारखं केलं. आयुष्यभर लोकांना हसू नका सांगणाऱ्या माणसाला ते जमलं नाही.

त्यांचा नंबर आला. धाकटीला मधोमध चटईवर बसवलं. बाबा समोर, पाटावर एक पाय लांब करून. त्यांच्या गुडघ्यावर अजून कुणाच्या फुंकरीचा उपाय चालला नव्हता. "दादा, तुम्ही मागे बसा. दोन्ही दंड घट्ट धरा. काही झालं तरी सोडायचं नाही. ते अंगात उसळलं की बाई हातची जाते."

दादांनी धरलं. दंड एवढे बारीक झाले होते की बोटं पलीकडे भेटली.

धूर झाला. पाण्याचा हबका झाला. अर्धा दादांच्या चष्म्यावर आला, पण पुसायला हात मोकळा नव्हता. बाबांचा आवाज चढला.

"बोल! कोणी धरलंय तुला?"

धाकटी चटईकडे बघत राहिली.

"बोल म्हणतो! विहिरीवरचं आहे? तिठ्यावरचं आहे? बाई आहे की पुरुष? कोणी धरलंय?"

आणखी एक हबका. गोदाम श्वास रोखून बसलं होतं. आणि कित्येक दिवस न बोललेल्या धाकटीनं, शाळेत बाईंनी प्रश्न विचारल्यावर द्यावं तसं, साधं, बरोबर उत्तर दिलं.

"दादानं."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "बरोबर आहे की. धरलंय खरं त्यांनीच," आणि चटयांवरून हसू पसरत गेलं, आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून.

दादांना हात सोडावेसे वाटले. पण सोडू नका सांगितलं होतं.

बाबा हसले नाहीत. दरबारात एकदा हसू शिरलं की धूर कितीही केला तरी निघत नाही, हे त्यांना धंद्यातून माहीत होतं. त्यांनी हात वर केला. "हसू नका! ऐकलंत ना? नाव आलंय. जिवंत माणसाची बाधा! मेलेल्याची परवडली, मेलेलं ऐकतं. जिवंत बाधा फार चिवट." हसू एकदम बंद झालं. "याला पुढे घ्या."

याला. आतापर्यंत दादा 'तुम्ही' होते. पण भुताला कुणी अहोजाहो करत नाही.

दादा पुढे आले, म्हणजे दोघांनी आणून बसवले. वहिनी बायकांत होत्या, त्या अर्धवट उठल्या आणि शेजारणीनं त्यांना प्रेमानं खाली ओढलं. धाकटीला बाजूला बसवलं. मोकळ्या झालेल्या दंडांवर ती हळूहळू हात चोळत होती.

"बोल. का धरलंस हिला?"

"बाबा, मी... अहो, मी कुठे धरलंय?"

मंडळींनी समजून माना डोलावल्या. इथल्या नेहमीच्या लोकांना क्रम पाठ होता. आधी ते नाकारतं. मग रडतं. मग काहीतरी मागतं. मग जातो म्हणतं. दादांनाही पाठ होता; मागच्या खेपांना त्यांनी तो कोपऱ्यात बसून आवडीनं बघितला होता. एका सायकलवाल्याच्या बायकोतलं ते पेढे मागून गेलं होतं, तेव्हा घरी जाताना दादा-वहिनी हसले होते. आता नाकारून झालं होतं. जे म्हणावं ते क्रमात बसणार होतं.

"मी भाऊ आहे तिचा. सख्खा. तिच्या भल्यासाठीच..."

"सगळी असंच म्हणतात," मागची म्हातारी म्हणाली.

हबका आला. या वेळी सगळाच दादांवर. चष्मा घसरला, शर्ट छातीला चिकटला. पाणी थंड होतं म्हणून की लोक बघत होते म्हणून, पण दादांचे डोळे भरून आले. मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. रडणं झालं.

"आता बोल. काय पाहिजे तुला?"

दादा काही म्हणणार नव्हते. त्यांना उठायचं होतं, धाकटीला घ्यायचं होतं, निघायचं होतं. पण इतक्या माणसांसमोर ओल्या शर्टात बसलेल्याला कुणी इतक्या जोरात विचारलं, की काय पाहिजे, तर आतून जे तयार असतं तेच बाहेर येतं.

"कुणाला कळायला नको," दादा म्हणाले.

"मोठ्यानं!"

"कुणाला कळायला नको! एवढंच. मुलीचं लग्न होईपर्यंत कुणाला कळायला नको."

तीनशे माणसांना कळलं.

कुणीही हसलं नाही. शिकवणीच्या बाई आपल्या पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या. म्हातारीनं "अरे देवा" म्हटलं, पण ते अगदी घरगुती आवाजात.

बाबांना मात्र क्रम पुरा करायचा होता. "मिळेल ते. पण हिला सोडशील?"

"सोडतो."

"खूण काय देशील?"

खूण काय द्यायची हे दादांना माहीत नव्हतं. सायकलवाल्याच्या बायकोतल्यानं दिवा विझवला होता. ते इकडेतिकडे दिवा शोधू लागले. तेवढ्यात धाकटी बोलली. बाबांशी बोलली, कारण आज दादाला 'अरे' म्हणू शकणारा माणूस तिला पहिल्यांदाच सापडला होता.

"त्याला म्हणावं, माझी गोळी दे. आणि कडी काढ."

"कसली कडी?" बाबांनी विचारलं.

धाकटीनं दादांकडे बघितलं. रागानं नाही, जरा खोळंबल्यासारखं, जसं एखादं गिऱ्हाईक मान सरळ ठेवत नसलं की ती बघायची.

बाबा पुढे वाकले. आवाज एकदम खाली आला आणि पुन्हा सभ्य झाला. "दादा, दाराला बाहेरून कडी लावलीय तुम्ही?"

इतका वेळ 'तू' ऐकून घेतलं होतं, त्याचं काही वाटलं नव्हतं एवढं त्या 'तुम्ही'नं वाटलं. भुताला विचारलं असतं तर भूत म्हणून उत्तर देता आलं असतं. दादांनी चष्मा काढला आणि ओल्या शर्टाला पुसू लागले. तो अजूनच ओला झाला.

कडीच्या भानगडीत बाबांना आपलं नाव नको होतं. गोळी कुणी बंद केली हेही कुणाला आठवायच्या आत बैठक पुढे न्यायला हवी होती. "गोळी द्या हिला," ते घाईनं म्हणाले. "जिवंत बाधेला गोळी चालते. पुढचा नंबर!"

पुढचा नंबर बदलीचा होता.

बाहेर उन्हात तिघं चपला शोधत उभी राहिली. दादांची एक सापडेना. लोक येता-जाता बघत होते आणि बघितलं नाही असं दाखवत होते, आणि त्यातलं दुसरं जास्त जाणवत होतं. वहिनींनी चपलांच्या डोंगरात हात घालून दुसरी चप्पल ओढून काढली, दादांच्या पायाशी टाकली.

"चला, समोर जाऊ," त्या म्हणाल्या.

"कुठे समोर?"

"डॉक्टरांकडे. दुसरीकडे कुठे?"

"अगं, आत्ता? दिवसाढवळ्या? लोक बघतील."

"काय बघायचं राहिलंय लोकांचं?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला. "आता काय लपवणार आहात? शिकवणीच्या बाई घरी पोचायच्या आत सगळीकडे पोचलं असेल. जी लाज जायची होती ती गेली. निदान तिला झोप तरी लागू दे. मी घातलंय तिला जेवण त्या दारातून, तुम्ही नाही. तुम्ही पंखा लावून बसायचात."

दादांनी चप्पल पायात सरकवली.

अशा रीतीनं, शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, तर लपवायला काही उरलं नाही म्हणून, दादांचं कुटुंब आजाराकडे वळलं.

ओसरीवर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. एक खांबाआड, एक उघड्यावर. खांबाआडची दादांनी वाटेतच हेरून ठेवली होती. ते लपायच्या सवयीनं खांबाआडच्या खुर्चीत बसले. धाकटी उघड्यावरच्या खुर्चीत बसली, वहिनी तिच्यामागे उभ्या राहिल्या. खांब अरुंद होता. त्याच्या कडेवरून दादांना रस्त्यापलीकडचा आपला स्टुडिओ दिसला, काच दिसली, काचेतून काउंटरमागचं स्टूल दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. म्हणजे इतकी वर्षं इथे बसलेल्या माणसांनाही त्या स्टुलावरचा माणूस इतकाच स्वच्छ दिसत होता, मान पुढे काढून बघणारा. बँकेतल्यांनाही. ते पुढेही फोटो काढायला यायचे, आणि हनुवटी खाली म्हटलं की मुकाट्यानं खाली करायचे.

दवाखान्याच्या दारात टेबल टाकून एक बाई बसल्या होत्या. त्यांनी धाकटीकडे बघून, मग दादांकडे बघून विचारलं, "पेशंट तुमच्या कोण?"

"ओळखीच्या आहेत," दादा म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय म्हटलं. ओला शर्ट अजून अंगावर होता. वहिनींनी डोळे मिटून घेतले. धाकटीनं मान वळवून दादांकडे बघितलं. हे तिला आधीच ठाऊक असावं.

दादा खांबाआडून उठले आणि टेबलापाशी गेले. "बहीण," ते म्हणाले.

"काय?" बाईंनी पंखा चालू होता म्हणून कानाला हात लावला. "मोठ्यानं बोला हो, ऐकू येत नाही."

ओसरीवरच्या सगळ्या खुर्च्या ऐकत होत्या. रस्त्यावरून सुतार हत्यारांची पिशवी घेऊन चालला होता, तोही थांबला.

"बहीण आहे माझी," दादा म्हणाले. "सख्खी."

"मग आधी ओळखीच्या का म्हणालात?" बाईंनी विचारलं. त्या काही टोमणा मारत नव्हत्या, त्यांना खरंच समजलं नव्हतं. त्या उत्तराची वाट बघत थांबल्या.